पत्ता कसा लिहायचा? टेबलावर रोज येणारे प्रश्न

मी फॉर्म भरून देतो. तहसील कचेरीच्या आवाराबाहेर एक टेबल, दोन खुर्च्या, लॅपटॉप आणि उन्हाळ्यात मोठी छत्री, एवढाच संसार. नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर लोक घडाघडा सांगतात. पत्त्याच्या रकान्यापाशी गाडी अडते. मग पिशवीतून लाइटबिल निघतं, रेशनकार्ड निघतं, घरपट्टीची पावती निघते आणि तीन कागदांवर तीन पत्ते निघतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे लिहून ठेवले आहेत. माझा वावर पुण्याचा, त्यामुळे उदाहरणंही बरीचशी इकडचीच.

एकाच घराचे तीन पत्ते कसे काय असतात?

तीन खात्यांनी ते घर तीन वेगळ्या कामांसाठी नोंदवलेलं असतं म्हणून. महसूल खात्याला जमीन कोणाची ते हवं असतं, त्यासाठी सर्वे नंबर किंवा गट नंबर. महापालिकेला किंवा ग्रामपंचायतीला घरपट्टी वसूल करायची असते, त्यासाठी घर क्रमांक. पोस्टमनला दारापर्यंत यायचं असतं. त्याला 'दत्तमंदिराचा बोळ, पिठाच्या गिरणीच्या वर' एवढं पुरतं. आपण हे सगळं एका ओळीत कोंबतो आणि मग कुरियरवाला गट नंबर शोधत फिरतो. जमिनीची ओळख वेगळी आणि घरापर्यंतची वाट वेगळी, हे एकदा डोक्यात बसलं की खालचे निम्मे प्रश्न वाचायची गरज उरत नाही.

'मु. पो.' म्हणजे नक्की काय? सगळेच लिहितात म्हणून आम्हीही लिहितो.

मुक्काम आणि पोस्ट. मुक्काम म्हणजे तुम्ही राहता ते गाव, पोस्ट म्हणजे ज्या गावच्या पोस्टातून तुमची टपाल येते ते गाव. दोन्ही एकच असेल तरच 'मु. पो. अमुक' असं एकत्र लिहायचं. तुमच्या वाडीत पोस्ट नसेल आणि टपाल शेजारच्या गावावरून येत असेल, तर 'मु. अमुकवाडी, पो. तमुक, ता. मुळशी, जि. पुणे' असं सुटं करून लिहायचं. हा भेद जुन्या माणसांना पक्का ठाऊक असतो. परवा एका आजोबांनी माझ्या हातातलं पेन काढून घेऊन 'मु. पो.'मधला 'पो.' खोडला आणि म्हणाले, ''आमच्याकडं पोस्ट कधी होतं रे?'' बरोबरच होतं त्यांचं. मी सवयीने लिहून गेलो होतो.

गावाच्या नावापुढचं 'बु.' आणि 'खु.' लिहिलं नाही तर चालतं का?

नाही चालत. बुद्रुक आणि खुर्द हे दोन्ही शब्द फारसीतून आले: बुजुर्ग म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे धाकटं. एकाच नावाची दोन गावं शेजारी असली की थोरलं बुद्रुक आणि धाकटं खुर्द. महसुली दफ्तरात ती दोन स्वतंत्र गावं आहेत, त्यांचे गट नंबर स्वतंत्रपणे एकपासून सुरू होतात. म्हणजे एका गावाच्या गट नंबर ४० चा दुसऱ्या गावच्या ४० शी काही संबंध नाही.

नुसतं 'वडगाव, जि. पुणे' असं लिहून आणणारे महिन्याला दोन-तीन तरी भेटतात. वडगाव बुद्रुक सिंहगड रस्त्याला, पिन ४११०४१. वडगाव शेरी नगर रस्त्याला, ४११०१४. वडगाव मावळ तिसरीकडेच, ४१२१०६. आकड्यांकडे नीट बघा, पहिल्या दोघांत शेवटचे दोन अंक फक्त उलटे झाले आहेत. घाईत टाइप करणाऱ्याच्या हातून पाकीट शहराच्या दुसऱ्या टोकाला जातं ते असं.

सर्वे नंबर, गट नंबर, सि.स.नं., फायनल प्लॉट... यातला कोणता लिहू?

आधी हे काय आहेत ते बघू. इंग्रजी अमदानीत शेतजमीन मोजून प्रत्येक तुकड्याला सर्वे नंबर दिला. पुढे वाटण्या होत गेल्या, तसे सर्वे नंबराखाली हिस्से पडले. '३५/२/१' म्हणजे पस्तीस नंबरातल्या दुसऱ्या हिश्श्याचा पहिला पोटहिस्सा. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली ज्या गावांत विखुरलेले तुकडे एकत्र केले गेले, तिथे नवे नंबर पडले. ते गट नंबर. जिथे ही योजना झाली नाही, तिथे आजही सर्वे नंबरच चालतो.

शहर वाढलं की भूमापन खातं त्या भागाचं नगर भूमापन करतं आणि प्रत्येक मिळकतीला नवा क्रमांक देतं. तो सि.स.नं. (सिटी सर्वे नंबर), ज्याला बोलताना सगळे सीटीएस म्हणतात. त्याचा उतारा म्हणजे मिळकत पत्रिका, आपलं प्रॉपर्टी कार्ड. मुंबईत आणखी एक गंमत: शहर जिल्ह्यात सी. एस. नंबर, उपनगरात मौजेवार सी. टी. एस. नंबर. अंधेरी-मालाडच्या खरेदीखतात अजून 'मौजे' येतं, ते वाचून भाडेकरूंना हसू येतं. आणि जिथे नगररचना योजना राबवून भूखंड नव्याने आखले गेले, तिथे योजनेतल्या भूखंडाला फायनल प्लॉट नंबर मिळतो.

आता उत्तर. खरेदीखत, कर्ज, वारसनोंद अशा जमिनीच्या कामात हे नंबर अगदी उताऱ्यावर आहेत तसेच लिहा, एक तिरकी रेघही इकडची तिकडे करू नका. पार्सल मागवताना ते लिहू नका. कोथरूड-वारज्याकडच्या कितीतरी सोसायट्यांच्या पत्त्यात 'सर्वे नं.' असतो, कारण सोसायटी उभी राहिली तेव्हा तिथे शेत होतं आणि ओळख सांगायला दुसरं काहीच नव्हतं. पण शेत होतं दहा-पंधरा एकराचं. आज त्या एका नंबरावर पन्नास इमारती उभ्या असतात. शोधणाऱ्याने काय शोधायचं?

गावठाणातल्या घराला सातबारा का नाही?

सातबारा शेतजमिनीचा. गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत) असते, तिथला मिळकत क्रमांक हाच घराचा नंबर. २०२० मध्ये केंद्राने स्वामित्व योजना आणली. त्यात ड्रोनने गावठाणं मोजून घरांना मिळकत पत्रिका देतात. तुमच्या गावाचं काम झालं असेल, तर ती पत्रिका काढून ठेवा, बँकेत उपयोगी पडते.

पुण्याच्या पेठेत एका नंबरच्या शेजारी पुढचा नंबर का सापडत नाही?

पेठेतला नंबर पेठेला आहे, रस्त्याला नाही. परदेशात बऱ्याच शहरांत रस्ता घेतात, एका बाजूला विषम आणि दुसऱ्या बाजूला सम आकडे टाकतात; पॅरिसने ही पद्धत १८०५ मध्ये लावली आणि नदी कुठल्या बाजूला आहे त्यावरून मोजणीची सुरुवात ठरवली. पुण्याच्या पेठा त्याआधीच वसल्या होत्या. सदाशिवराव भाऊंच्या नावाची सदाशिव, नारायणरावांची नारायण, नाना फडणविसांची नाना, शिवाय सोमवार ते रविवार सातही वार. एकेका पेठेतल्या वाड्यांना बोळाबोळांतून नंबर पडत गेले. पत्ता म्हणजे 'अमुक सदाशिव' किंवा 'अमुक नारायण'. मधला 'पेठ' शब्दही पुणेकर खातो. रस्त्याचं नाव पत्त्यात नसलं तरी कोणाचं अडत नाही.

मग वाडा वाटला गेला, नंबराला अ, ब, क लागले. वाडा पाडून इमारत झाली, तिला नाव पडलं, पण नंबर तोच राहिला. माझ्या मावशीचा वाडा पाडला, त्यानंतर तिचं बँकेचं कार्ड दोनदा परत गेलं. बँकेत पत्ता जुन्या वाड्याच्या नावाने होता. वाडा नाही म्हटल्यावर कुरियरचा नवा मुलगा दोन्ही वेळा परत फिरला. पत्त्यातल्या नंबराकडे त्याने पाहिलंच नाही. तिसऱ्या खेपेला आम्ही वाड्याचं नाव काढून घर नंबर, इमारतीचं नाव आणि मजला असं दिलं आणि कार्ड आलं. म्हणून पेठेत राहणाऱ्यांना सांगणं एकच: नावाआधी नंबर. नाव बिल्डर बदलतो, नंबर इतक्या सहज बदलत नाही. आणि लोक ज्याला घर नंबर म्हणतात, तो कित्येकदा सि.स.नं. असतो, कोणत्या कागदावर काय आहे, ते ताडून बघा.

रस्त्याचं नवं नाव लिहायचं की लोक म्हणतात ते?

दोन्ही लिहा. मुंबईत डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग विचारलात, तर टॅक्सीवाला आरशातून तुमच्याकडे बघत राहील. लॅमिंग्टन रोड म्हणा, मीटर पडलाच. पेडर रोडचं नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग आहे, कॅडल रोडचं स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग. पुण्यात अलका टॉकीज चौकाचं नाव टिळक चौक आहे हे तिथे तासभर सिग्नलला थांबणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. सरकारी कागदावर अधिकृत नाव पुढे आणि चालू नाव कंसात, पाहुण्यांना सांगताना चालू नाव पुढे.

'मारुती मंदिरासमोर' असं पत्त्यात लिहिणं अडाणीपणाचं दिसतं का?

मुळीच नाही. दिल्लीत बसून फॉर्म आखणाऱ्यांनीही आता 'जवळची खूण' असा वेगळा रकाना ठेवला आहे, यातच काय ते आलं. फक्त खूण निवडताना डोकं वापरा. 'मारुती मंदिर' ही पुण्यात खूण होऊच शकत नाही, म्हणून तर पुणेकरांनी देवांना टोपणनावं ठेवली: पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, डुल्या मारुती, भिकारदास मारुती, आणि विठोबांत उपाशी नि पासोड्या. भाविकांना ही नावं चमत्कारिक वाटतात, पत्ता शोधणाऱ्याला त्यांच्याइतकी नेमकी खूण मिळणार नाही.

दुकानाची खूण टाळा, दुकान उठतं. बँकेची शाखाही हलते. देऊळ, शाळा, पाण्याची टाकी, पोलीस चौकी या टिकाऊ. अर्थात खूण गेली तरी नाव उरतं असंही होतं. कर्वे रस्त्यावरच्या नळ स्टॉपला आता नळ कोणाला दिसतो? आणि 'जवळ' या शब्दाला काही अर्थ नाही. 'समोर', 'मागे', 'डावीकडचा बोळ' असं लिहा.

पिनकोडचे सहा अंक काय सांगतात?

पहिला अंक देशाचा विभाग. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले दोन मिळून टपाल परिमंडळाची ओळख. महाराष्ट्राच्या वाट्याला ४० ते ४४ येतात, त्यातला ४०३ गोव्याचा. पहिले तीन मिळून टपाल जिथे वेगळी केली जाते तो जिल्हा: मुंबई ४००, पुणे ४११, नाशिक ४२२, नागपूर ४४०. शेवटचे तीन अंक वाटप करणाऱ्या पोस्टाचे. देशात पोस्टं दीड लाखाहून जास्त आणि पिनकोड सुमारे १९ हजार, तेव्हा एका पिनखाली अनेक गावं असणारच. नुसत्या पिनवरून गाव ठरत नाही.

ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती बसवणारे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, शिवाय संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या लिप्या, न लागणारी अक्षरं यांतून टपाल वाट चुकायची. लिपी कोणतीही असो, आकडा वाचता आला की पाकीट योग्य थैलीत पडेल, ही त्यामागची कल्पना.

नऊने सुरू होणारा पिन लष्कराचा. सातारा-कोल्हापूरकडच्या घरांत 'द्वारा ५६ ए.पी.ओ.' (आर्मी पोस्ट ऑफिस) हा पत्ता पाठ असतो. जवान नेमका कुठे आहे, ते त्यावरून कळत नाही. कळू नये म्हणूनच तो तसा आहे.

आमचे आजोबा 'पुणे ३०' एवढंच लिहायचे. ते काय होतं?

पिनच्या आधी मोठ्या शहरांत टपालाचे विभाग होते: पुणे ३०, मुंबई २८. १९७२ मध्ये त्यांच्यापुढे शहराचा आकडा लागला आणि पुणे ३० चं ४११०३० झालं, मुंबई २८ चं ४०००२८. म्हणून सदाशिव पेठेत आणि दादर पश्चिमेला जुनी माणसं अजून शेवटचे दोनच आकडे सांगतात. फॉर्मवर सहाच्या सहा लिहा.

जिल्ह्याचं नाव बदललं. आता आधार, पॅन सगळं बदलून घ्यायचं का?

औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये. पिन तेच राहिले, अनुक्रमे ४३१००१, ४१३५०१ आणि ४१४००१. टपाल दोन्ही नावांनी पोचते. नवा अर्ज करताना नवं नाव लिहा. निव्वळ नावासाठी जुन्या कार्डांच्या मागे धावू नका. माझा धंदा बुडाला तरी चालेल.

आमच्या वस्तीचं नाव जातीवरून आहे. तेच लिहावं लागतं का?

जातिवाचक वस्त्यांची आणि रस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. त्या जागी समता नगर, भीम नगर, ज्योती नगर, शाहू नगर, क्रांती नगर अशी नावं सुचवली. ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत ठराव झाला असेल, तर त्याची प्रत मागून घ्या आणि नवं नाव बिनदिक्कत लिहा. पत्त्यातला एक शब्द नोकरीच्या मुलाखतीत, खोली भाड्याने घेताना किती बोलतो, हे समोर बसलेल्या पोरांच्या चेहऱ्यावर मी पाहिलं आहे. एक पोरगा दर वेळी त्या रकान्यापाशी आवाज खाली आणायचा. नाव बदलल्यावर त्याने पत्ता मोठ्याने सांगितला, आणि वर विचारलं, ''जुना कुठं दिसत नाही ना आता?'' जुन्या दाखल्यांवर दिसतो, हे मला सांगावं लागलं.

पत्ता जरा चुकला तर असं काय बिघडतं?

कोर्टाच्या बाबतीत फार बिघडतं. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमधलं कलम २७ असं सांगतं की पत्ता नीट लिहून, पैसे भरून, रजिस्टर टपालाने पाठवलेला कागद पोचला असं धरलं जातं. पोचला नाही हे दाखवायची जबाबदारी मग समोरच्यावर. म्हणजे तुमचा जुना पत्ता बँकेकडे किंवा घरमालकाकडे असेल, तर नोटीस तिकडे जाईल आणि 'मला मिळालीच नाही' म्हणताना तुम्हाला घाम फुटेल. 'घेण्यास नकार' असा शेरा पडून परत गेलेलं पाकीटसुद्धा पोचलं असंच सहसा मानतात. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, पण घर बदललं की पत्ता कळवायचा, हे काम तसंच आहे.

मतदार यादीसाठी घर बदलल्यावर नमुना ८ भरा, नमुना ६ नव्हे. सहा नंबरचा नव्या मतदाराचा. चुकीचा भरला की दोन ठिकाणी नाव लागतं आणि मग निस्तरत बसा.

आधारवर पत्ता आहे म्हणजे घर माझं, बरोबर?

नाही. आधार तुम्ही कोण ते सांगतं, घर कोणाचं ते सांगत नाही. घरपट्टीच्या पावतीनेही मालकी सिद्ध होत नाही. ज्यांच्या नावावर कोणताच कागद नसतो, अशा लग्न होऊन आलेल्या मुलींसाठी २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीने आधारवरचा पत्ता बदलायची सोय आहे.

ज्याला घरच नाही, त्याने काय लिहायचं?

मतदार नोंदणीत तरी सोय आहे. माणूस जिथे झोपतो ती जागा सांगायची. मतदान केंद्राचा अधिकारी रात्री येऊन खात्री करतो, कागद मागत नाही. बाकीच्या खात्यांपुढे मात्र हा प्रश्न आला की टेबलावर शांतता पसरते.

नवी मुंबई आणि गोव्याचे पत्ते वेगळे का वाटतात?

नवी मुंबई सिडकोने आखली, त्यामुळे नोड, सेक्टर, भूखंड असा सरळ हिशेब. फक्त नोडचं नाव विसरू नका, सेक्टर ७ वाशीतही आहे आणि खारघरमध्येही. गोव्यात गावाखाली वाडा, म्हणजे गावातली वस्ती, येतो आणि पंचायतीचा घर नंबर. तिथे वाड्याचं नाव गाळलं की पत्ता गेलाच.

डिजिपिन आला म्हणे. आता हे सगळं संपणार?

डिजिपिन टपाल खात्याने मे २०२५ मध्ये खुला केला. देशाच्या नकाशाचे सोळा चौकोन, त्यातल्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा, असं दहा वेळा केलं की सुमारे चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन उरतो. त्याचं दहा चिन्हांचं नाव म्हणजे डिजिपिन. शेतातल्या वस्तीला, डोंगरातल्या पाड्याला, जिथे सांगण्यासारखी खूणच नाही, तिथे ही मोठी सोय. पण यात उंची नसते. बी विंगमधली एकावर एक असलेली सात घरं एकाच चौकोनात येतात, तेव्हा मजला आणि फ्लॅट नंबर लिहावाच लागणार. शिवाय तो जागेचा आकडा आहे, माणसाचा किंवा मालकीचा नाही. पिनकोडही तसाच चालू आहे.

अडचणीच्या वेळी फोनवर पत्ता कसा सांगायचा?

आमच्या शेजारी एकदा रात्री रुग्णवाहिका बोलावली. घाबरलेल्या मुलाने इमारतीचं नाव सांगितलं आणि फोन ठेवला. देवाच्या नावाची इमारत. त्याच भागात त्याच नावाच्या आणखी दोन. गाडी तिसऱ्या प्रयत्नात आली. काका वाचले, पण त्या मधल्या पंचवीस मिनिटांत आम्ही अर्धी सोसायटी टॉर्च घेऊन चौकात उभे होतो.

तेव्हा १०८ किंवा ११२ ला फोन केलात, तर मोठ्यापासून लहानाकडे या: शहर, भाग, मुख्य रस्ता, खूण, मग इमारत, विंग, मजला. लिहिताना आपण नेमकं उलटं लिहितो, म्हणून बोलताना तोंडात फ्लॅट नंबर आधी येतो. गाडीला आधी चौक हवा असतो. लिफ्ट बंद असेल तर तेही सांगा. फोन चालू ठेवा आणि एकाला खाली फाटकावर पाठवा. आमच्या मजल्यावर आता प्रत्येक दाराच्या आतल्या बाजूला याच क्रमाने लिहिलेला पत्ता चिकटवलेला आहे, मोठ्या अक्षरात, चश्मा न लावता वाचता येईल असा.